थँक्सगिव्हिंगसाठी कच्च्या क्रॅनबेरीचं रेलिश

यंदा थँक्सगिव्हिंगचं जेवण शेजारच्या आजींकडे होतं, कोणी काय आणायचं याची वाटणी झाली आणि क्रॅनबेरी, म्हणजे ते छोटं लाल आंबट फळ, माझ्या वाट्याला आली. आता हे ज्यांनी जेवलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकेतल्या या सणाचं, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचं हे जेवण (तो गुरुवार १९४१ च्या कायद्याने पक्का झालाय) म्हणजे मेनू जवळजवळ ठरलेलाच असतो. टर्की, ग्रेव्ही, ब्रेडचं स्टफिंग, मॅश्ड पोटॅटो, फरसबीचं कॅसरोल, भोपळ्याचा पाय (pie). नीट बघा, सगळं मऊ, सगळं तपकिरी नाहीतर पिवळट आणि सगळं लोण्यात माखलेलं. आंबट आणि दाताखाली काहीतरी लागेल असं त्या टेबलावर एकच असतं, क्रॅनबेरी. म्हणून लोक तिच्याबाबतीत फार हळवे असतात आणि वाद पण घालतात, शिजवलेला सॉस चांगला, का डब्यातली जेली (ती डब्याच्या कड्यांच्या खुणांसकट सळकन बाहेर येते आणि सुरीने चकत्या करून वाढतात, मला तरी ती बघूनच कसंतरी होतं, पण तिचे भक्त पण भरपूर आहेत), का कच्चं रेलिश, म्हणजे न शिजवता केलेलं भरड तोंडीलावणं.

आजी पूर्ण कच्च्याच्या बाजूच्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, गुरुवारी सकाळपासून ओव्हनमध्ये टर्की असते, चारही बर्नर अडकलेले असतात, मग ज्याला गॅसच लागत नाही आणि जे आदल्या दिवशी केलं तरच चांगलं लागतं असं काहीतरी करावं ना. मला हे एकदम पटलं. शिवाय शिजवलेला सॉस मी खाल्लाय, चांगला असतो, पण शिजला की क्रॅनबेरी तडतडून फुटते, तिच्यातलं पेक्टिन सुटतं आणि सगळं जॅमच्या वाटेला जातं. कच्च्यात ते होत नाही. ते भरड, सैलसर आणि जरा करकरीत राहतं आणि रंग पण असा येतो की बशीत बघत बसावं.

साहित्य सांगते म्हणजे पुढचं बोलता येईल. क्रॅनबेरीची १२ औंसाची पिशवी म्हणजे ३४० ग्रॅम, साधारण तीन कप. एक अख्खं संत्रं सालीसकट. पाऊण कप साखर. चिमूटभर मीठ. बस. यातून अडीच-तीन कप रेलिश होतं आणि ते चमच्याने वाढायचं असल्यामुळे आठ-दहा माणसांना आरामात पुरतं. जुन्या रेसिपी काढल्यात तर तिथे एक पाउंड क्रॅनबेरी, दोन संत्री, दोन कप साखर असं काहीतरी दिसेल. पूर्वीचं माप पाउंडाचं असायचं, त्यामुळे आजीच्या डायरीतली साखर उचलून आजच्या पिशवीत ओतू नका, गोड मिट्ट होईल.

आम्ही राहतो मॅडिसनला, म्हणजे विस्कॉन्सिनात, आणि क्रॅनबेरीसाठी याहून चांगली जागा नाही. अमेरिकेतल्या क्रॅनबेरीपैकी निम्म्याहून जास्त इथे पिकते, मॅसॅच्युसेट्स त्याच्या मागे. २००४ पासून ती राज्याचं अधिकृत फळ पण आहे. ऑक्टोबरमध्ये टोमा गावाच्या बाजूला गाडी काढली की ती शेतं दिसतात, पाणी सोडून भरलेली आणि वर लालभडक फळांचा थर तरंगणारा. तरंगते का, तर आत हवेचे चार कप्पे असतात. एक आडवी कापून बघा, चार पोकळ खोल्या आणि त्यात इवल्या बिया, माझ्या लेकाला हे दाखवल्यावर त्याने अर्धी वाटी कापून टाकल्या. ह्याच पोकळीमुळे ताजी फळं टेबलावर टाकली की उडतात. पूर्वी निवडायच्या मशीनमध्ये फळ्या लावलेल्या असायच्या, जे फळ उडी मारून फळी ओलांडेल ते चांगलं, जे पडून राहील ते बाद.

एवढं पीक येतं पण त्यातलं ताजं म्हणून फारच थोडं विकलं जातं, बाकी रस, सॉस आणि सुकवलेल्या गोड क्रॅनबेरीत जातं. ताजी मिळते ती साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून इथल्या कॅपिटलच्या, म्हणजे विधानभवनाच्या भोवती शनिवारी बाजार भरतो तिथे शेतकऱ्याकडे दिसली की मी जास्तीची घेते आणि पिशवी तशीच फ्रीजरमध्ये टाकते, धुवत नाही, काही नाही. रेलिशसाठी फ्रीजरमधली उलट बरी पडते, पूर्ण न वितळवता वापरली तर पात्याखाली नीट तुटते, लगदा होत नाही, आणि गोठून आतल्या पेशी फुटलेल्या असतात त्यामुळे नंतर रस पण पटकन सुटतो.

निवडायला मात्र बसायचं. परातीत पसरायच्या, मऊ पडलेल्या, सुरकुतलेल्या, तपकिरी डाग आलेल्या बाजूला, बारीक देठं खुडून टाकायची. शिजवताना एखादी खराब गेली तर साखरेत आणि उकळीत लपून जाते, कच्च्यात लपत नाही, एका सडक्या फळाचा वास अख्ख्या बरणीला लागतो. पांढरट फिक्या निघाल्या तर त्या घ्यायला हरकत नाही, रंग कमी चढलाय एवढंच, आंबटपणात काही कमी नसतात. कच्ची एक तोंडात टाकून बघा, आंबट ढाण, वर तुरट, दात आंबतात. १०० ग्रॅमात साखर असते जेमतेम चार ग्रॅम, म्हणजे काय सांगायचं.

आता संत्रं. माझ्या मते या रेलिशचं अर्धं यश संत्र्यात आहे आणि लोक नेमकं तिथेच हाताला येईल ते उचलतात. साल सगळी जाणार आहे पोटात, त्यामुळे पहिलं काम म्हणजे ती घासणं. दुकानातल्या संत्र्यांवर चकाकीसाठी आणि टिकण्यासाठी मेणाचा पातळ थर असतो, खायला चालणारा असतो पण मला तो रेलिशमध्ये नको असतो, म्हणून कोमट पाणी आणि भाजी घासायचा ब्रश घेऊन नीट घासून पुसून कोरडं करते. मग दोन्ही टोकं कापायची, आठ फोडी करायच्या, बिया असतील तर एकूणएक काढायच्या, बी चिरडली गेली की कडू.

सालीचा नारिंगी भाग आणि त्याच्या आतला पांढरा भाग ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. वरच्या नारिंगी पापुद्र्यात तेलाच्या ग्रंथी असतात, सगळा सुगंध तिथे, फोड वाकवली तर बोटांवर तेल उडतं ते हेच. आणि पांढरा भाग कडू. थोडा कडूपणा हवाच, नाहीतर साखर आणि आंबट एवढंच उरतं, पण जाड सालीचं संत्रं घेतलं की पांढऱ्याचाच भरणा होतो. नेव्हल जातीच्या संत्र्याला बिया नसतात म्हणून सगळे नेव्हल घेतात, मी पण घेते, पण त्यात एक गोम आहे, नेव्हलचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होत जातो, आणि आपण तर हे रात्रभर ठेवणार. म्हणून हातात घेऊन बघायचं, आकाराने बेताचं, वजनाला जड, सालीने पातळ आणि घट्ट असलेलं. जाडच मिळालं तर मी साल सोलाणीने वरवर काढून घेते, मग पांढरा थर सुरीने उतरवून टाकते आणि नारिंगी पट्ट्या अधिक आतला गर एवढंच वापरते. या वेळी एक पातळ सालीचं आणि एक जाड असं मिळालं होतं (दोन पिशव्यांचं करायचं होतं), तर दोन्ही प्रकार झाले.

बुधवारी दुपारी सगळं घेऊन आजींकडे गेले कारण त्यांना त्यांचं मशीन दाखवायचं होतं. त्यांच्या आईचं, बिडाचं, हाताने फिरवायचं खिम्याचं मशीन. आपल्याकडे शेवयांचं मशीन पाटाला आवळतात तसं ते त्यांनी डायनिंग टेबलच्या कडेला आवळलं, खाली जुना टॉवेल घातला आणि दोन भांडी ठेवली. मी म्हटलं दोन कशाला, तर म्हणाल्या, "तू फिरव, कळेल तुला." फिरवल्यावर कळलं, पुढच्या जाळीतून भरड पडते ती एका भांड्यात आणि रस मात्र मागून, दांड्याच्या बाजूने ठिबकतो, त्यासाठी दुसरं. तो रस परत रेलिशमध्येच घालायचा, टाकायचा नाही. घास घालायची पण पद्धत होती त्यांची, मूठभर क्रॅनबेरी, मग संत्र्याची एक फोड, परत मूठभर क्रॅनबेरी. नुसत्या साली एकदम घातल्या की जाळीत अडकतात, मधे क्रॅनबेरी गेली की ती त्यांना ढकलत नेते. आणि आवाज काय होतो सांगू, आतली हवा फुटते ना, प्रत्येक दाण्याला टप्प करून. लेकाने मशीन माझ्या हातातून काढूनच घेतलं.

ते फिरवता फिरवता आजींनी १९५९ ची गोष्ट सांगितली, त्या तेव्हा शाळेत होत्या. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला, म्हणजे थँक्सगिव्हिंगला अडीचेक आठवडे असताना, केंद्राचे आरोग्यमंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी जाहीर केलं की वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांतल्या काही क्रॅनबेरींत अमिनोट्रायाझोल नावाच्या तणनाशकाचा अंश सापडलाय, आणि त्याने उंदरांना कॅन्सर होतो असं दिसलं होतं. झालं, देशभर लोकांनी क्रॅनबेरीला हात लावायचं बंद केलं, दुकानांनी माल उतरवला, व्हाइट हाऊसच्या टेबलावर सुद्धा त्या वर्षी सफरचंदाचा सॉस होता. आजींच्या घरी पण तेच, आणि त्यांच्या आईने हे मशीन फडताळातून काढलंच नाही. "इथली माणसं क्रॅनबेरीवर जगणारी, काय अवस्था झाली असेल बघ," म्हणाल्या. वर्षाची बरीचशी विक्री थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस या दोन सणांवर असलेला धंदा होता तो. पुढे बागायतदारांनी रसावर जोर दिला तो यातूनच, वर्षभर खपेल असं काहीतरी हवं म्हणून.

दुसरी पिशवी मी घरी येऊन फूड प्रोसेसरमध्ये केली, कारण बघायचंच होतं फरक काय पडतो. प्रोसेसरमध्ये पहिल्यांदा संत्रं आणि साखर घालायची, साल जरा बारीक होऊ द्यायची, साखरेच्या दाण्यांनी सालीतलं तेल पण छान निघतं, आणि मग क्रॅनबेरी. पल्सचं बटण दाबायचं सोडायचं, दाबायचं सोडायचं, मधे एकदा कडेचं खाली लोटायचं. अख्खा दाणा दिसेनासा झाला की थांबायचं, अगदी गव्हाच्या दलियाइतके तुकडे हवेत. चालू ठेवून फोन घ्यायला गेलात की संपलं, गुलाबी फेसाळ लगदा. आणि आपला मिक्सर वापरायचा असेल तर थोडं थोडं घेऊन, उलटसुलट झटके देत, पाणी अजिबात न घालता. मिक्सरचं भांडं अरुंद, पातं खाली, त्यामुळे खालचं पीठ होतं आणि वरचे दाणे गोल गोल फिरत हसत असतात. ते काहीच नसेल तर सुरीने चिरा, वेळ लागतो, पण चिरलेलं खरंच सुंदर दिसतं.

फरक पडतो का? पडतो. हातमशीनचं एकसारखं भरड आणि जास्त रसाळ होतं कारण ते दाबून ढकलतं. प्रोसेसरचं जरा कमीजास्त, काही तुकडे मोठे काही बारीक, पण करकरीतपणा जास्त. मला प्रोसेसरचं आवडलं, आजींना अर्थातच त्यांचं.

साखर घातल्यावर लगेच चव घ्यायची आणि मत बनवायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या वेळी ते तिन्ही दिशांना ओढत असतं, आंबट वेगळं, गोड वेगळं, सालीचा कडवटपणा वेगळा, आणि दाताखाली साखर कचकच. नवऱ्याने तेव्हाच चमचा घातला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "अगं, अजून एक कप साखर घाल, हे कोण खाणार?" मी घातली नाही. साखर रात्रभरात फळातलं पाणी बाहेर ओढते, स्वतः विरघळते, सालीचा अर्क त्यात उतरतो, आणि सकाळी झाकण काढलं की कोरडी भरड होती तिथे दाट लाल रसात बुडालेली भरड दिसते. साखर तेवढीच असून गोड जास्त लागतं, कारण आता ती जिभेला लागायला रसात आलेली असते. म्हणून पहिल्यांदा पाऊण कपच घालायची आणि उरलेला निर्णय सकाळी घ्यायचा. मी सकाळी पातळ सालीच्या बरणीत एक मोठा चमचा वाढवली आणि जाड संत्र्याच्या बरणीत काहीच नाही, त्यातला पांढरा भाग काढला होता ना. मीठ मात्र दोन्हीत, कडवटपणा खाली बसतो त्याने.

ठेवायचं काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात. अॅल्युमिनियम नको, इतकं आंबट आहे की धातूची चव उतरते. फ्रीजमध्ये साधारण आठवडाभर छान राहतं. टेबलावर दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, तसं तर टर्कीला पण तोच नियम लावतात इथे.

आता घालण्याबद्दल. यात लोक काय काय घालतात, सफरचंद, सेलरी, अननस, अक्रोड, पिकान. सफरचंद चांगलं लागतं, साखर पण कमी लागते. अक्रोड किंवा पिकान घालायचे तर वाढायच्या आधी अगदी पाच मिनिटं, रात्रभर राहिले की मऊ पडतात आणि रेलिशचा रंग पण मळकट करतात. काही घरांत हेच जिलेटिनमध्ये सेट करून मोल्डमधून काढतात, तसं करणार असाल तर ताजा अननस घालू नका, त्यातलं ब्रोमेलिन जिलेटिन घट्टच होऊ देत नाही, डब्यातला चालतो कारण तो गरम केलेला असतो.

आणि हो, फोडणी. हा विषय आमच्याकडे निघालाच. मोहरी, हिंग, वरून लाल तिखट, झकास लागेल असं नवऱ्याचं म्हणणं, आणि लागेलही, वरणभाताबरोबर तर मी पण आनंदाने खाईन. पण त्या ताटात याचं काम वेगळं आहे. टर्कीचं छातीकडचं मांस कोरडं आणि सौम्य असतं, ग्रेव्ही जड असते, मधे काहीतरी थंड, आंबट आणि स्वच्छ लागतं, तिथे हिंग आला की तो सगळ्यांच्या वर बसतो. फोडणीचं वेगळं करा, वेगळ्या दिवशी करा. मी पाहुणी म्हणून जाऊन त्यांच्या सणाच्या टेबलावर हिंग मांडणार नव्हते.

गुरुवारी दोन काचेच्या वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या, कुठली मशीनची आणि कुठली प्रोसेसरची हे कोणाला सांगितलं नाही. आजींच्या मुलाने, जो गेली कित्येक वर्षं डब्यातली जेलीच खातो आणि त्याच्यासाठी ती वेगळ्या बशीत ठेवलेलीच होती, त्याने आधी चमच्याच्या टोकावर घेतलं, मग टर्कीवर घेतलं, मग मॅश्ड पोटॅटोवर पण घेतलं, ते मला जरा अति वाटलं. मशीनची वाटी आधी संपली. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. प्रोसेसरची वाटी थोडी उरली ती मला घरी न्यायला मिळाली, त्यामुळे मला काही तक्रार नाही.

उरलेल्याचं शुक्रवारी सँडविच, ब्रेडला एका बाजूला मेयो आणि दुसऱ्या बाजूला हे रेलिश, मधे थंड टर्की आणि असेल तर स्टफिंगचा तुकडा. रेलिश आधी गाळणीत टाकून रस निथळून घ्यायचा नाहीतर ब्रेड भिजून हातात येतो. तो निथळलेला रस सोड्यात घालून प्यायलो आम्ही, बर्फ घालून, लेकाला तर त्यातच जास्त रस होता. दह्यात कालवून पण बरं लागतं.

फ्रीजरमध्ये अजून एक पिशवी आहे, ती ख्रिसमसच्या हॅमबरोबर जाईल. तेव्हा त्यात ताजं आलं किसून घालणार आहे, आणि संत्र्याची निम्मी साल कमी करून तिथे एक हिरवी आंबट सफरचंदाची फोड. आजींना सांगितलंय आधीच, आल्याला त्यांची हरकत नाही, सफरचंदाबद्दल विचार करून सांगते म्हणाल्या.